भेगेतल्या खनिजावरून भेगेचं वय: नमुना उचलण्यापासून आकडा लिहिण्यापर्यंत

खडकातली भेग म्हणजे रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेचं वय मोजता येत नाही. मोजलं जातं ते तिच्यात साचलेल्या कॅल्साइटचं, अ‍ॅपोफिलाइटचं किंवा चिकणमातीतल्या इलाइटचं. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि तरीही प्रबंधांत नि अहवालांत ‘भ्रंशाचं’ (ज्या भेगेवर खडक सरकला तिचं) ‘वय’ म्हणून खनिजाचा आकडा सरळ छापला जातो. दोष बहुतेक वेळा लॅबचा नसतो, क्रम चुकलेला असतो. आधी पांढरा दिसेल तो तुकडा फोडायचा, मग लॅबला पाठवायचा, आणि आकडा हातात आल्यावर ही शीर, म्हणजे भेगेतली खनिजाची पट्टी, कुठल्या भेगेतली आणि ती कुणाला कापत होती हे आठवायला बसायचं.

खालचे टप्पे नागपूरच्या आसपासचं काम डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहेत. इथे एका दिवसाच्या फेरीत तीन जगं भेटतात: पश्चिमेकडे दख्खनचा बेसाल्ट, रामटेक-मनसरच्या बाजूला सौसर गटाचे संगमरवर आणि तिरोडी नाईस (पट्टेदार रूपांतरित खडक), आणि कामठी-उमरेडकडे गोंडवानाचे वालुकाश्म. खडक बदलला की भेगेतली भर बदलते, आणि भर बदलली की पद्धतही बदलते.

## १. प्रश्न आधी कागदावर

भेग आणि भर यांचं नातं साधारण तीन तऱ्हांचं असतं. वहीत पहिल्याच पानावर लिहा की तुम्हाला यातलं कुठलं नातं सापडायला हवं आहे.

पहिली तऱ्हा: भेग आधी उघडली, खनिज नंतर सावकाश साचलं. स्फटिक दोन्ही भिंतींवरून मध्याकडे वाढलेले दिसतात, मध्ये पोकळीही राहते. इथे खनिजाचं वय म्हणजे भेगेच्या वयाची खालची मर्यादा. भेग किमान तेवढी जुनी आहे, किती जास्त जुनी ते कळत नाही.

दुसरी: हालचाल चालू असतानाच खनिज वाढलं. भ्रंशाच्या पृष्ठभागावर पायऱ्या पायऱ्यांनी बसलेले, सरकण्याच्या दिशेला समांतर असे कॅल्साइटचे धागे ही त्याची खूण. हालचालीचं वय म्हणण्याचा हक्क याच भरीला आहे.

तिसरी: भेग पुन्हा पुन्हा फाटली आणि प्रत्येक वेळी भरली. शिरेत भिंतीला समांतर बारीक पट्टे आणि त्यांच्यात अडकलेले खडकाचे कपचे दिसतात. प्रत्येक पट्ट्याचं वय वेगळं. सगळं एकत्र दळून मोजलं तर जो आकडा येतो तो कुठल्याच घटनेचा नसतो.

सावध: बेसाल्टमधले बहुभुजी खांब पाडणारे सांधे (ज्यांवर खडक सरकलेला नाही अशा भेगा) लाव्हा थंड होताना झालेले आहेत. त्यांतल्या भरीचं वय पाणी केव्हा फिरलं ते सांगतं. त्यावरून भूहालचालीचा निष्कर्ष काढू नका.

## २. कुठली भर घ्यायची, कुठली सोडायची

या भागातला सगळ्यात महाग पडणारा गोंधळ म्हणजे चुनकंकर. काळ्या मातीखाली, बेसाल्टच्या वरच्या दोन-तीन मीटरांतल्या सांध्यांत पांढरा चुना भरलेला असतो. तो मातीतून झिरपून आलेला, भूशास्त्रीय हिशेबाने कालपरवाचा. अ‍ॅसिड टाकलं की तोही फसफसतो, म्हणून विद्यार्थी तो शिरेतलं कॅल्साइट समजून उचलतात. ओळखायचं असं: कंकर खडूसारखा मंद, मातकट आणि नखाने खरवडता येईल असा, त्यात मुळांच्या नळ्या आणि मातीचे कण सापडतात. शिरेतलं कॅल्साइट फोडलं की तिरक्या चौकोनी तुकड्यांत फुटतं आणि पाटे चकाकतात. खदानीच्या वरच्या बाकावरून नमुना घेऊच नका, खालच्या ताज्या बाकावर जा.

बेसाल्टमध्येच पांढरी भर झिओलाइटचीही असते. दहा टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब टाका. स्टिलबाइट, ह्यूलँडाइट फसफसत नाहीत. बाजारातल्या तीव्र अ‍ॅसिडचा एक भाग सुमारे तीन भाग पाण्यात मिसळला की हे द्रावण होतं. पाण्यात अ‍ॅसिड ओता, उलटं कधीच नाही. झिओलाइट दिसायला देखणी, वयासाठी बेभरवशाची: त्यांच्या जाळीतले पोटॅशियम-कॅल्शियम पाण्याशी सहज अदलाबदल करतात आणि पोटॅशियमच्या क्षयातून झालेला, वय मोजायला लागणारा अरगॉन टिकत नाही. शेजारी अ‍ॅपोफिलाइट असेल तर ते घ्या. त्यात पोटॅशियम असतं, त्यामुळे पोटॅशियम-अरगॉन आणि रुबिडियम-स्ट्रॉन्शियम दोन्ही वाटा उघडतात.

सौसर संगमरवरात अडचण उलटी: शीरही कॅल्साइटची आणि भोवतालचा खडकही कॅल्साइटचा. दोन्हींची सरमिसळ झाली तर वय मधलंच काहीतरी येईल. शिवाय हे खडक अ‍ॅम्फिबोलाइट दर्जाच्या रूपांतरणातून गेले आहेत. त्या तापमानाआधीच्या शिरा आपलं मूळ वय राखून असतील अशी आशा धरू नका. रूपांतरणाच्या पत्रणाला (खडकातल्या पानांसारख्या थरांना) स्वच्छ कापून जाणारी, न वाकलेली शीर शोधा.

तिरोडी नाईसमधल्या गारगोटीच्या जाड शिरा लांबून खुणावतात, पण गारगोटीत वय धरून ठेवणारं घड्याळ, म्हणजे ठरावीक वेगाने क्षय होणारं मूलद्रव्य, जवळजवळ नसतं. त्याच शिरेत मस्कोव्हाइट, अ‍ॅड्युलेरिया, मोनाझाइट किंवा टायटॅनाइट सापडलं तरच काम पुढे न्या. मनसर, कांद्री, गुमगावच्या मँगनीज पट्ट्यात भेगांतून काळी भर दिसते. तिच्यात क्रिप्टोमेलेन असेल तर पोटॅशियम मिळतं, पण ते घड्याळ खडक हवेपाण्याने कुजण्याचं असतं.

## ३. खदानीतलं काम

परवानगी आधी घ्या. गिट्टी खदान असेल तर पट्टेदाराची, मोठी खाण असेल तर माइन मॅनेजरची. सुरुंगाची वेळ विचारा, हेल्मेट घाला, आणि उभ्या कड्याखाली वाकून नमुना काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरलेले असतात, आणि मेच्या दुपारी पाचगावच्या खदानीत उभं राहून कुणी नीट मोजमापं घेत नाही. घाईघाईने घेतलेल्या वाचनांची वही नंतर कुणाच्याच कामाची नसते.

सोबत: दीड किलोचा हातोडा, दोन छिन्न्या, होकायंत्र-क्लिनोमीटर, दहापटीचं भिंग, अ‍ॅसिडची बाटली, पक्क्या शाईचा मार्कर, कापडी पिशव्या, स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं आवरण.

क्रम असा ठेवा:

१. हातोडा उचलण्याआधी भेगांच्या दिशेनुसार तुकड्या, म्हणजे गट, पाडा. प्रत्येक दिशेच्या निदान वीस-पंचवीस भेगांचा नतिलंब (भेगेच्या पातळीवरच्या आडव्या रेषेची दिशा) आणि नती (भेगेचा उतार) मोजा. हातोडा होकायंत्रापासून दूर ठेवा. बेसाल्ट सुईला ओढतो, म्हणून अधूनमधून दोन माणसांनी एकमेकांकडे पाहून उलट दिशेचं वाचन घ्या आणि जुळतं का बघा.

२. कोण कुणाला कापतं ते ठरवा. कापणारी नंतरची, कापली जाणारी आधीची. तीन ठिकाणी तपासल्याशिवाय वहीत क्रमांक देऊ नका. एका ठिकाणी फसवं दिसू शकतं, कारण जुनी शीर पुन्हा उघडून नवीला कापल्यासारखी भासते.

३. सुरुंगाने पडलेल्या भेगा बाजूला काढा. त्या ताज्या, रिकाम्या, सुरुंगाच्या भोकाभोवती पसरलेल्या असतात.

४. फोटो दोन घ्या: एक लांबून माणूस किंवा हातोडा मापाला ठेवून, एक जवळून.

५. नमुन्यावर नतिलंबाची रेघ, नतीचा बाण आणि वरची बाजू मार्करने काढा, आणि मगच फोडा. खूण खडकाच्या भिंतीवर करायची, शिरेवर नाही. शाईतलं शिसं मोजणीत घुसू शकतं.

६. शीर किमान पाच मिलिमीटर जाड हवी आणि तुकड्याला दोन्ही बाजूंची भिंत लागलेली हवी. मुठीएवढे दोन तुकडे पुरतात. भिंतीशिवाय निघालेला सुटा स्फटिक कितीही सुंदर असला तरी त्याचं वय कुठल्याच भेगेला चिकटवता येत नाही.

७. भ्रंशात चिकणमाती, म्हणजे गूज, असेल तर वरचा हातभर थर काढून टाका आणि आतली किलोभर माती आवरणात गुंडाळा. लालसर, भुसभुशीत झालेली नको.

तपासा: प्रत्येक पिशवीसाठी ‘ही शीर अमुक तुकडीची, हिला तमुक कापते, भरीचं नातं पहिलं/दुसरं/तिसरं’ हे एक वाक्य लिहिता येतं का? येत नसेल तर नमुना अजून अपुरा आहे. खदानीतून निघण्याआधीच तो पुरा करा. पुढच्या आठवड्यात तो कडा क्रशरमध्ये गेलेला असेल.

## ४. काप आणि सूक्ष्मदर्शक

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो, आणि निकालाचा अर्थ लागणार की नाही हे इथेच ठरतं.

शिरेला काटकोनात आणि, धागे असतील तर, धाग्यांना समांतर असा काप घ्या. एकाच चकतीचे दोन अर्धे करा: एकाचा नेहमीचा ३० मायक्रॉनचा थिन सेक्शन, दुसऱ्याचा १०० ते २०० मायक्रॉन जाडीचा पॉलिश केलेला काप किंवा रेझिनमध्ये बसवलेली चकती. मोजणीसाठी खनिजाचा बारीक ठिपका उडवणारा लेसर दुसऱ्यावर चालवायचा. ३० मायक्रॉनचा काप तो आरपार जाळून खालची काच मोजत बसतो. पॉलिशला शिशाची थाळी वापरू देऊ नका. काप करणाऱ्याला हे आधी स्पष्ट सांगा, तो आपणहून विचारणार नाही.

मग बघायचं काय? स्फटिक भिंतीवरून मध्याकडे वाढले की मध्यातून भिंतीकडे, पट्टे किती, जुळे पाट वाकलेले आहेत का, कडांवर पुनर्स्फटिकीकरण झालंय का, तपकिरी लोह-मँगनीजचे धागे कुठे आहेत. त्या धाग्यांत मूळचं (शिरेतल्या युरेनियमपासून न बनलेलं) शिसं भरपूर असतं, त्यामुळे तिथे लेसर लावणं म्हणजे पैसे जाळणं.

कॅथोडोल्युमिनेसन्सची (इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने खनिज उजळवून बघण्याची) सोय मिळाली तर नक्की वापरा. मँगनीज असलेलं कॅल्साइट नारिंगी उजळतं, लोह ते मंद करतं. साध्या प्रकाशात एकसंध दिसणारी शीर त्यात तीन-चार पिढ्यांची, म्हणजे वेगवेगळ्या वेळी वाढलेल्या भरींची, निघते. प्रत्येक पिढीला अक्षर द्या आणि कापाच्या मोठ्या छापील फोटोवर हद्दी आखा. लेसरच्या दिवशी हाच नकाशा टेबलावर हवा.

## ५. पद्धत निवडा

कॅल्साइट असेल तर युरेनियम-शिसे. अ‍ॅड्युलेरिया, अ‍ॅपोफिलाइट, अभ्रक असेल तर रुबिडियम-स्ट्रॉन्शियम किंवा अरगॉन. भ्रंशमाती असेल तर इलाइटवर पोटॅशियम-अरगॉन. दोन वेगळ्या घड्याळांनी एकच पिढी मोजता आली तर त्यासारखं उत्तम काही नाही, पण पिढी खरोखर एकच आहे हे चौथ्या टप्प्याने सिद्ध केलेलं हवं.

## ६. कॅल्साइट: आधी चाचणी

कॅल्साइटमध्ये युरेनियम दशलक्षात काही भागांपासून अब्जात काही भागांपर्यंत कितीही असू शकतं, आणि डोळ्यांना ते कळत नाही. म्हणून पूर्ण मोजणीआधी प्रत्येक पिढीवर लेसरचे आठ-दहा ठिपके मारून बघा. दोन गोष्टी पाहायच्या: युरेनियम शिशाच्या तुलनेत पुरेसं आहे का, आणि ठिपक्या-ठिपक्यांत ते प्रमाण बदलतं का. दुसरी जास्त महत्त्वाची. सगळे ठिपके आलेखात एकाच जागी गोळा झाले तर वय देणारी रेघच ओढता येत नाही, मग मोजणी कितीही अचूक असो.

बरेच नमुने याच टप्प्यावर गळतात, आणि ते अपयश नव्हे. म्हणूनच एका प्रश्नासाठी एकच नमुना नेऊ नये. त्याच तुकडीच्या पाच-सहा शिरा जवळ ठेवाव्यात.

## ७. लेसरचा दिवस

काप इथेनॉलने पुसा, शुद्ध पाण्यात अल्ट्रासॉनिकने धुवा, हातमोजे घाला. प्रत्येक ठिपक्यावर मोजणीआधी दोन-तीन हलके फटके मारून वरचा मळ उडवा. ठिपक्याचा व्यास साधारण ८० ते १५० मायक्रॉन. युरेनियम कमी असेल तर मोठा घ्यावा लागतो, मात्र तो पिढीच्या हद्दीबाहेर जाता कामा नये.

प्रमाणकांचं, म्हणजे मूल्य आधीच माहीत असलेल्या नमुन्यांचं, काम दोन भागांत वाटलेलं असतं. शिशाच्या समस्थानिकांचं गुणोत्तर एनआयएसटी ६१४ काचेवरून दुरुस्त होतं. युरेनियम-शिसे गुणोत्तरासाठी काच चालत नाही, कारण काच आणि कॅल्साइट लेसरखाली वेगळे वागतात. तिथे डब्ल्यूसी-१ हे कॅल्साइट लागतं, वय २५४.४ ± ६.४ दशलक्ष वर्षे. तिसरं, पडताळणीसाठी, डफ ब्राउन टँक: ६४.०४ दशलक्ष वर्षे. दख्खनच्या शिरांसाठी ते सोयीचं, कारण वयाची पट्टी जवळपास तीच आहे. दर दहा-बारा ठिपक्यांनंतर तिन्ही पुन्हा मोजा. प्रमाणक आणि नमुना यांचा ठिपका, ऊर्जा आणि वेळ तंतोतंत सारखी हवी. खड्डा खोल होत जाईल तसं गुणोत्तर सरकतं, आणि वेगळ्या आकाराच्या खड्ड्यात ते वेगळं सरकतं.

एका पिढीवर चाळीस ते साठ ठिपके. कुठला ठिपका कुठल्या पिढीत पडला ते नकाशावर लगेच मांडा, दुसऱ्या दिवशीवर ढकलू नका.

सावध: पडताळणीचं कॅल्साइट अनिश्चिततेच्या आत आपलं माहीत वय देत नसेल, तर त्या दिवसाची आकडेवारी वापरू नका.

## ८. भ्रंशमाती असेल तर

माती बॉल मिलमध्ये दळू नका. मूळ खडकातलं जाड, जुनं अभ्रक फुटून बारीक भागात मिसळतं आणि वय फुगतं. पाण्यात भिजवून गोठवा, वितळवा, पुन्हा गोठवा. असे अनेक फेरे झाले की कण आपोआप सुटतात.

मग आकारानुसार वाटणी: २ ते ६, ०.४ ते २, ०.१ ते ०.४ आणि ०.१ मायक्रॉनहून बारीक. शेवटच्या दोन वाटण्यांना सेंट्रिफ्यूज लागतो. २ मायक्रॉनची वाटणी साध्या नळकांड्यात बसते, पण वेळ तापमानावर ठरते, आणि नागपुरात नेमकी इथे चूक होते. पुस्तकातला आकडा २० अंशांचा असतो: वरचे १० सेंटिमीटर ७ तास ४५ मिनिटांनी शोषून घ्यायचे. खोली ३० अंशांवर असेल तर तेच काम सुमारे ६ तास १० मिनिटांत होतं, ४० अंशांवर साधारण ५ तासांत. जानेवारीत १५ अंशांच्या खोलीत मात्र पावणेनऊ तास लागतात; तिथे पावणेआठ तासांनीच शोषलं तर जाड कण सोबत येतात. नळकांडं कूलरच्या झोतात किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका, पाण्यात प्रवाह तयार होतो आणि हिशेब मोडतो.

प्रत्येक वाटणीचा एक्स-रे विवर्तन आलेख काढा. तांब्याच्या किरणांवर ८.८ अंशांजवळचं शिखर इलाइटचं, २७.५ जवळचं पोटॅश फेल्डस्पारचं. फेल्डस्पार दिसलं तर ती वाटणी वयासाठी बाद. साधारणपणे वाटणी बारीक होत जाते तसं वय कमी होतं. सगळ्यात बारीक वाटणीत मूळ खडकाची भेसळ सर्वांत कमी, म्हणून ती भ्रंशाच्या शेवटच्या हालचालीच्या सर्वांत जवळ. तरी उरलेल्या भेसळीमुळे तो आकडा वरची मर्यादाच समजा. इतक्या बारीक कणांवर अरगॉन-अरगॉन पद्धत थेट लावली तर अणुभट्टीतल्या मार्‍याने अरगॉन कणाबाहेर फेकला जातो. इथे जुनी पोटॅशियम-अरगॉन पद्धतच बरी.

## ९. कॅल्साइटचा आलेख वाचताना

टेरा-वासरबर्ग आलेखात आडव्या अक्षावर युरेनियम-२३८ भागिले शिसे-२०६, उभ्यावर शिसे-२०७ भागिले शिसे-२०६. ठिपके एका उतरत्या रेषेवर पडले पाहिजेत. रेषेचं वरचं टोक मूळच्या शिशाचं; खाली ती आलेखातल्या वयाच्या वक्राला जिथे छेदते तो बिंदू वयाचा.

सॉफ्टवेअर आकडा देण्याआधी डोळ्यांनी ताडून बघा. ६६ दशलक्ष वर्षांसाठी खालचा छेद आडव्या अक्षावर ९७ च्या आसपास पडतो, २५४ साठी २५ जवळ, १००० साठी ६ जवळ. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६६ दशलक्ष वर्षांचा आहे. त्यातल्या शिरेचं वय अनिश्चितता धरूनही ८०-९० येत असेल तर भर खडकाहून जुनी ठरते, म्हणजे कुठेतरी घोटाळा आहे. बहुधा दोन पिढ्या एकत्र झाल्यात किंवा मूळच्या शिशाचं गृहीतक चुकलंय.

हे गृहीतक इथे विशेष नडतं. ठिपक्यांचा पसारा कमी असला की लोक वरचं टोक ०.८४ सारख्या प्रचलित आकड्याला बांधून टाकतात. पण ज्या शिरेतलं पाणी जुन्या नाईसमधून फिरून आलं, तिचं मूळचं शिसं वेगळं असू शकतं. बांधल्याशिवाय आणि बांधून, दोन्ही तऱ्हांनी वय काढा. फरक अनिश्चिततेपेक्षा मोठा असेल तर बांधलेलं वय छापू नका.

एमएसडब्ल्यूडी, म्हणजे ठिपके आपल्या अनिश्चिततेच्या मानाने रेषेपासून किती विखुरलेत ते सांगणारा आकडा, चाळीस ठिपक्यांना साधारण ०.५ ते १.५ च्या दरम्यान असावा. फार मोठा म्हणजे पिढ्या मिसळल्या आहेत किंवा नंतर पाण्याने छेडलं आहे. फार छोटा म्हणजे चुका फुगवून धरल्या आहेत. एमएसडब्ल्यूडी खाली आणण्यासाठी रेषेबाहेरचे ठिपके पुसत जाणं ही सर्रास दिसणारी सवय आहे. ठिपका काढायचा तर कारण मोजणीच्या सिग्नलमध्ये किंवा कापाच्या नकाशात दाखवता आलं पाहिजे: तपकिरी धागा लागला, हद्द ओलांडली, लेसर भिंतीत घुसला. ‘रेषेवर बसत नाही’ हे कारण नव्हे.

## १०. आकडा लिहिताना

डब्ल्यूसी-१ च्या स्वतःच्या वयातच सुमारे अडीच टक्के अनिश्चितता आहे. त्याच्याशी जोडून काढलेलं वय अर्ध्या टक्क्याच्या अचूकतेने छापलेलं दिसलं तर लिहिणाऱ्याने प्रमाणकाची अनिश्चितता हिशेबात धरलेली नाही. सत्रातली आणि एकूण, अशा दोन्ही अनिश्चितता २ सिग्मावर (सुमारे ९५ टक्के खात्रीच्या पातळीवर) द्या.

आकड्याआधी नातं लिहा. ‘वायव्य-आग्नेय सांध्यांच्या तुकडीतल्या, भिंतीवरून वाढलेल्या ब पिढीच्या कॅल्साइटचं वय, सांधा उघडण्याची खालची मर्यादा’ हे लांबलचक वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यातूनच कळतं की हा आकडा कुठल्या वाक्यात वापरायचा. धाग्यांचं वय असेल तर ‘हालचालीचं वय’ म्हणा, आणि धाग्यांचा फोटो शेजारी द्या.

तक्त्यात ठिपक्यांची संख्या, वगळलेले ठिपके कारणांसह, वरच्या टोकाचं मूल्य, एमएसडब्ल्यूडी, पडताळणीच्या कॅल्साइटचं त्याच दिवशी आलेलं वय, ठिपक्याचा व्यास, अक्षांश-रेखांश आणि भेगेचा नतिलंब-नती. न जमलेल्या शिराही याच तक्त्यात, युरेनियमच्या आकड्यासह. त्याच खदानीत पुढे जाणाऱ्याचा लेसरचा खर्च वाचतो. काप आणि चकतीचा उरलेला अर्धा भाग नमुना-क्रमांकासह जपून ठेवा, कारण परीक्षकाचा पहिला प्रश्न ‘हा ठिपका नेमका कुठे पडला?’ हाच असतो.